पोकळीतला लाल कण

स्लाइडवर निळ्या पेनाने क्रमांक लिहिलेला होता आणि सोबतच्या कागदावर चारच ओळी. स्त्री, वय ३८. तक्रार काही नाही. दुसऱ्याच एका छोट्या शस्त्रक्रियेआधी छातीचा एक्स-रे काढला, त्यात दोन्ही फुफ्फुसांत डाग दिसले. सीटी स्कॅनमध्ये त्या डागांच्या गाठी निघाल्या, वीसहून जास्त, बहुतेक एक सेंटिमीटरपेक्षा लहान. आणि शेवटी प्रश्न: ‘मेटॅस्टॅसिस? मूळ गाठ कुठे?’

मेटॅस्टॅसिस म्हणजे शरीरात दुसरीकडे असलेल्या कॅन्सरचं फुफ्फुसात येऊन रुजलेलं बी. दोन्ही बाजूंना विखुरलेल्या गोल गाठी पाहिल्या की कुणाच्याही मनात आधी तेच येतं आणि बहुतेक वेळा ते खरंही ठरतं. या बाईंचे स्तन, थायरॉइड, पोट, गर्भाशय, आतडी, सगळं तपासून झालं होतं. कुठे काही नव्हतं. त्यांना धाप लागत नव्हती, वजन उतरलं नव्हतं, खोकलाही नव्हता. मग दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने फुफ्फुसाच्या कडेचा, दोन गाठी असलेला एक तुकडा काढला आणि तो आमच्याकडे आला.

मी तेव्हा पॅथॉलॉजी शिकत होते. रिपोर्टचा मसुदा आधी आम्ही शिकणाऱ्यांनी लिहायचा आणि मग सरांनी स्लाइड पाहून तो दुरुस्त करायचा, अशी पद्धत होती. मी भिंगातून पाहिलं. फिकट निळसर-गुलाबी, काचेसारखा पसारा. त्यात एकेकट्या किंवा दोन-तीनच्या घोळक्यात विखुरलेल्या पेशी. कित्येक पेशींच्या पोटात गोल पोकळी आणि त्या पोकळीमुळे केंद्रक एका बाजूला सरकलेलं. पुस्तकात असं चित्र पाहिलेलं होतं: म्यूकस तयार करणाऱ्या कॅन्सरच्या पेशी अशाच दिसतात, खडा बसवलेल्या अंगठीसारख्या. केरॅटिन हे प्रथिन असलेल्या पेशी तपकिरी करून दाखवणारा रंग, म्हणजे केरॅटिनचा मार्कर, लावलेला होता आणि काही पेशी तपकिरी झाल्या होत्या. केरॅटिन म्हणजे कार्सिनोमाची, अवयवांच्या अस्तरातून किंवा ग्रंथींतून उगवणाऱ्या नेहमीच्या कॅन्सरची, खूण. मी लिहून टाकलं: ‘मेटॅस्टॅटिक ॲडिनोकार्सिनोमा. पचनसंस्थेत मूळ शोधावं.’

ते वाक्य कागदावरच राहिलं, त्या बाईंपर्यंत पोचलं नाही. तरी मला ते अजून पाठ आहे.

सरांनी मसुदा वाचला नाही, आधी स्लाइड लावली. बराच वेळ काही बोलले नाहीत. स्लाइड इकडून तिकडे सरकत राहिली, मग मोठं भिंग खटकन बसलं.

“या पोकळीत काय आहे?”

“म्यूकस, सर.”

“रंग लावून पाहिलास?”

नव्हता लावला.

“ही एक बघ.”

दोन माणसांनी एकाच वेळी पाहायचा मायक्रोस्कोप होता तो. मी डोळे लावले. सरांनी दाखवणारा बाण एका पेशीवर आणून ठेवला होता. पोकळीच्या आत, अगदी मध्यावर, एक लालसर चकती होती. तांबडी रक्तपेशी.

“म्यूकसच्या थेंबात तांबडी पेशी कशाला जाईल गं?”

त्या संध्याकाळी म्यूकसचा रंग लावला. पोकळ्या रिकाम्याच राहिल्या. पुढच्या चार दिवसांत रक्तवाहिनीच्या अस्तराचे मार्कर लावले: सीडी ३१, सीडी ३४, फॅक्टर आठ. स्लाइडभर तपकिरी रंग उमटला. ज्याला मी पोटातून आलेला कॅन्सर म्हणत होते, ती रक्तवाहिनीच्या अस्तराची गाठ होती: एपिथेलिऑइड हिमॅन्जिओएन्डोथेलिओमा. नाव इतकं लांब आहे की आम्ही सगळे ‘ई-एच-ई’च म्हणतो. दहा लाखांत एखाद्यालाच ही गाठ होते.

त्या पोकळीने मला इतकी वर्षं सोडलेलं नाही, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगते.

प्रत्येक रक्तवाहिनीला आतून एंडोथेलियमचं अस्तर असतं, फक्त एका पेशीच्या जाडीचं. महाधमनीलाही तेवढंच आणि केसाहून कितीतरी बारीक केशवाहिनीलाही तेवढंच. अगदी लहान केशवाहिनीत तर कधी कधी एकच पेशी स्वतःला वळवून घेते आणि तिचीच नळी होते. तांबडी पेशी साधारण सात-आठ मायक्रॉन रुंद असते. या नळीतून ती जेमतेम अंग चोरून जाते.

अशी नळी तयार कशी होते? १९८० साली ज्युडा फोकमन आणि ख्रिश्चन हाउडेनशिल्ड यांनी केशवाहिनीच्या अस्तराच्या पेशी काचेच्या तबकडीत वाढवल्या आणि रोज पाहत राहिले. एका पेशीच्या आत एक बुडबुडा धरला. शेजारच्या पेशीतही धरला. मग हे बुडबुडे एकमेकांना जोडले गेले, या पेशीतून त्या पेशीत, आणि बघता बघता आरपार पोकळ नळी तयार झाली. तिथे रक्त नव्हतं, हृदयाचा दाब नव्हता. नुसत्या पेशी होत्या आणि काय करायचं ते त्यांना येत होतं.

आमच्या स्लाइडमधली पेशी नेमकं हेच करू पाहत होती. पोटात पोकळी धरण्यापर्यंत ती पोचली होती. शेजारणीशी जोडून घेणं तिला जमलेलं नव्हतं. बिघडून गाठ झाली, सुटी होऊन त्या काचेसारख्या पसाऱ्यात एकटी पडली, तरी वाट तयार करण्याचं मूळ काम ती विसरली नव्हती. निदान तिच्या त्या अर्धवट कामावरूनच होतं. कॅन्सरच्या पेशीबद्दल मला माया वाटावी असं काही नाही, आणि वाटतही नाही. पण त्या पेशीकडे पाहताना घशात काहीतरी अडकतं हे खरं आहे.

माझी चूक माझ्या एकटीची नव्हती, हे पुढे वाचनातून कळलं. १९७५ साली डेव्हिड डेल आणि ॲव्हरिल लीबो यांनी फुफ्फुसातल्या या गाठीचं पहिलं वर्णन केलं. लीबो म्हणजे फुफ्फुसांच्या पॅथॉलॉजीतलं केवढं मोठं नाव! त्यांनाही ही गाठ फुफ्फुसाच्या स्वतःच्या पेशींची, म्हणजे वायुकोशांच्या अस्तराची वाटली. ती रक्तवाहिन्यांत घुसते एवढं त्यांनी अचूक टिपलं होतं, म्हणून नाव ठेवलं ‘इंट्राव्हॅस्क्युलर ब्रॉन्किओलोअल्व्हिओलर ट्यूमर’. १९७९ मध्ये ब्रायन कॉरिन आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली या पेशी तपासल्या आणि सांगितलं की ही वायुकोशाची पेशी नाही, रक्तवाहिनी घडवणाऱ्या पेशींच्या कुळातली आहे. मग १९८२ साली शॅरन वाइस आणि फ्रान्झ एन्झिंगर यांनी मऊ ऊतींमधल्या, म्हणजे स्नायू-चरबीसारख्या भागांतल्या, अशाच ४१ गाठी एकत्र मांडल्या आणि आज वापरतो ते नाव दिलं. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच म्हटलं होतं की ही रक्तवाहिनीची गाठ अनेकदा कार्सिनोमा समजली जाते. ग्रंथालयात ते शीर्षक वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसून राहिले.

फुफ्फुसातली, यकृतातली, हाडातली आणि मऊ ऊतींमधली, या सगळ्या गाठी एकच आहेत हे कळायला इतकी वर्षं लागली. दोष कुणाचाच नाही. जो ज्या अवयवाचा डॉक्टर, तो त्या अवयवाच्या चौकटीत पाहतो. रक्तवाहिनी मात्र कुठल्याच अवयवाची नसते, ती सगळीकडे असते.

पक्का पुरावा मिळाला तो २०११ साली. दोन वेगवेगळ्या संशोधक गटांनी दाखवलं की या गाठीत पहिल्या आणि तिसऱ्या क्रोमोसोमचे तुकडे अदलाबदल होऊन जोडले जातात आणि ‘डब्ल्यू-डब्ल्यू-टी-आर-१’ व ‘कॅम्टा-१’ या दोन जनुकांचं एकच जोडजनुक बनतं. पहिल्या जनुकाचं प्रथिन एरवी पेशीच्या केंद्रकात ये-जा करतं. वाढ पुरे झाली की त्याला केंद्रकाबाहेर अडवून धरायची व्यवस्था पेशीत असते. जोडजनुकाचं प्रथिन ही अडवणूक जुमानत नाही. ते केंद्रकात ठाण मांडून बसतं आणि ‘वाढ’ हा हुकूम चालूच राहतो. दहातल्या साधारण नऊ ई-एच-ईंमध्ये हा बदल सापडतो. उरलेल्यांत वेगळी जोडी असते, ती २०१३ मध्ये सापडली. गंमत म्हणजे या दुसऱ्या प्रकारच्या गाठींत नळ्या बऱ्यापैकी नीट बनलेल्या दिसतात. तिथल्या पेशींना जोडून घेणं जमलेलं असतं.

पॅथॉलॉजिस्टच्या दृष्टीने या शोधाचा फार मोठा उपयोग झाला. कॅम्टा-१ हे प्रथिन निरोगी माणसात मुख्यतः मेंदूत असतं. फुफ्फुसातल्या गाठीच्या केंद्रकात ते दिसलं, म्हणजे जे असायला नको तिथे ते आहे. आता त्याचा मार्कर मिळतो. ज्या स्लाइडवर सर दहा-दहा मिनिटं घालवत, तिथे एक तपकिरी केंद्रक बरंच काही सांगून जातं. अर्थात तो मार्कर लावावा हे कुणाच्या तरी मनात यावं लागतं. तो आपोआप लागत नाही.

आणखी एक जुना प्रश्न या जनुकाने सोडवला. एकाच माणसाच्या शरीरात वीस गाठी आहेत, त्या वीस वेगळ्या गाठी की एकीचीच पिल्लं? २०१२ मध्ये यकृतातल्या अनेक गाठी तपासून पाहिल्या, तर एका रुग्णाच्या सगळ्या गाठींत जनुकं अगदी त्याच जागी तुटून जोडलेली निघाली. म्हणजे सुरुवात एकाच पेशीतून झालेली होती.

छातीत या गाठीचं निदान चुकतं त्याची कारणं बहुतेक वेळा साधीच असतात. ई-एच-ईची फुफ्फुसातली गाठ मध्यभागी जवळजवळ निर्जीव असते: काचेसारखा कडक पसारा, कधी त्यात साठलेलं कॅल्शियम. जिवंत पेशी असतात काठावर, शेजारच्या वायुकोशांत बोटांसारख्या शिरत चाललेल्या. सीटी स्कॅनवर पाहून सुई घालणारा डॉक्टर नेम धरतो तो गाठीच्या बरोबर मध्यावर, आणि तसा धरायलाही हवा. पण इथे मध्यावरून येतो तो नुसता व्रण. रिपोर्ट जातो: ‘जुनी बरी झालेली जखम, कॅन्सर दिसत नाही.’ रिपोर्ट खोटा नसतो, त्या तुकड्यात खरंच काही नसतं. रुग्ण आनंदाने घरी जातो आणि वर्षभराने गाठी वाढलेल्या असतात. म्हणून अशा विखुरलेल्या, सावकाश वाढणाऱ्या, कॅल्शियम धरणाऱ्या गाठींत सुईने काही मिळालं नाही, तर काठासकट अख्खी गाठ काढून पाहणं योग्य ठरतं.

काही जणांना क्षयाची औषधं मिळतात, सहा-सहा महिने. काहींना सार्कॉइडोसिस, म्हणजे फुफ्फुसात सुजेच्या गाठी आणणारा आजार, समजून स्टेरॉइड मिळतं. गाठ फुफ्फुसावरच्या आवरणात पसरली तर ती हुबेहूब मेसोथेलिओमासारखी, म्हणजे त्या आवरणाच्याच कॅन्सरसारखी, दिसते आणि छातीत रक्तमिश्रित पाणी साठतं. हा प्रकार सगळ्यात वाईट. बाकीची ई-एच-ई वर्षानुवर्षं गप्प राहू शकते, ही आवरणातली मात्र कधी कधी महिन्यांत माणसाला घेऊन जाते. एकच नाव, एकच जनुक, आणि वागणं इतकं वेगळं. रुग्णाला नाव सांगण्याआधी गाठ कुठे आहे, पाणी आहे का, तक्रारी आहेत का, हे विचारावं लागतं ते यासाठी.

छातीतली दुसरी एक गाठ याहून फसवी आहे, आणि तिच्याबद्दल लिहिताना मला राग येतो. तिला पल्मनरी आर्टरी सार्कोमा म्हणतात; स्नायू, हाडं, रक्तवाहिन्या अशा ऊतींच्या कॅन्सरला सार्कोमा हे नाव आहे. हृदयातून फुफ्फुसांकडे अशुद्ध रक्त नेणारी जी मोठी वाहिनी आहे, तिच्या आतल्या थरातून ती उगवते आणि वाहिनीच्या पोकळीतच वाढत राहते. १९२३ साली मॉरित्झ मांडेलश्टाम यांनी शवविच्छेदनात ती पहिल्यांदा नोंदवली. तेव्हापासून आजवर तिची कितीतरी निदानं अशीच झाली, मृत्यूनंतर.

कारण बाहेरून ती रक्ताच्या गुठळीसारखी दिसते. धाप, छातीत दुखणं, कधी थुंकीतून रक्त, सीटी अँजिओग्राफीत फुफ्फुसाच्या वाहिनीत अडथळा. हे सगळं पल्मनरी एम्बोलिझमचं, म्हणजे फुफ्फुसाच्या वाहिनीत गुठळी अडकल्याचं, चित्र आहे, आणि एम्बोलिझम हजारो पटींनी जास्त आढळतो. त्यामुळे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू होतात, आणि पहिल्या दिवशी तो निर्णय अगदी बरोबर असतो. माझा राग पहिल्या दिवसावर नाही, तिसऱ्या महिन्यावर आहे. असा एक माणूस आमच्या टेबलावर आला होता. सहा महिने नियमाने गोळ्या घेतलेल्या, तरी ‘गुठळी’ तसूभर कमी झालेली नव्हती, उलट वाढली होती. पायांच्या शिरांत कधीच गुठळी सापडली नव्हती. अधूनमधून ताप होता, वजन उतरलं होतं. एका भेटीत गोळीचा डोस वाढवला, दुसऱ्या भेटीत गोळी बदलली. ही गुठळीच आहे का, असं कुणी विचारलं नाही.

खुणा असतात. गुठळी वाहिनीत अडकते, तिचा आकार वाहिनीच्या आकारात बसतो. गाठ वाहिनीला फुगवते, भिंत खाते, कधी प्रवाहाच्या उलट हृदयाच्या झडपेकडे सरकते. गुठळी बहुधा दोन्हीकडच्या लहान फांद्यांत विखुरते, तर गाठ बऱ्याचदा मुख्य खोडच भरून टाकते. पेट स्कॅनमध्ये, म्हणजे जास्त साखर खाणाऱ्या पेशी उजळून दाखवणाऱ्या तपासणीत, साधी गुठळी सहसा उजळत नाही, गाठ बहुतेकदा उजळते. एमआरआयमध्ये औषध टोचल्यावर गाठ रंग घेते, कारण तिला स्वतःचा रक्तपुरवठा असतो. यातली एकही खूण एकटी पुरेशी नाही, पण गोळ्यांनी न विरघळणारी गुठळी हीच मुळात सगळ्यात मोठी खूण आहे आणि तिला कुठलंही यंत्र लागत नाही.

लवकर समजलं तर छाती उघडून, हृदय-फुफ्फुस यंत्रावर ठेवून, वाहिनीच्या आतल्या थरासकट गाठ सोलून काढता येते. त्यानंतर केमोथेरपी. आयुष्य वाढतं, श्वास मोकळा होतो, पण पूर्ण बरं होणं फार थोड्यांच्या वाट्याला येतं. त्या माणसाची शस्त्रक्रिया झाली नाही. हृदयाचा उजवा भाग तोवर थकून गेला होता.

हृदयाच्या उजव्या कर्णिकेत, म्हणजे वरच्या कप्प्यात, होणाऱ्या अँजिओसार्कोमाबद्दल, रक्तवाहिनीच्या अस्तराच्या घातक गाठीबद्दल, थोडक्यातच लिहिते, कारण तिथे निदानापेक्षा दुःख जास्त आहे. हृदयातच उगवणाऱ्या घातक गाठींत ती सगळ्यात जास्त आढळते, बऱ्याचदा तरुण माणसांत. हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साठतं, ते काढून तपासलं तरी त्यात कॅन्सरच्या पेशी बहुतेकदा सापडतच नाहीत. कारण न सापडता पुन्हा पुन्हा भरणारं रक्ताळलेलं पाणी दिसलं की हृदयाचा एमआरआय लगेच करावा, एवढंच म्हणते.

सौम्य गाठीही असतात, हे विसरू नये. दोन फुफ्फुसांच्या मधल्या जागेत, मेडियास्टिनममध्ये, हिमॅन्जिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा गुंता असलेली गाठ, होतो. तो घातक नसतो, पण तिथल्या गाठींत तो शंभरात एखादाही नसल्याने कुणाच्या ध्यानी येत नाही. सीटी स्कॅनमध्ये टोचलेलं औषध त्यात सावकाश, काठावरून आत भरत जातं, आणि दहातल्या एखाद्या रुग्णात गोल खड्यासारखे कॅल्शियमचे ठिपके दिसतात. हे खडे म्हणजे शिरेत साठून राहिलेल्या जुन्या गुठळ्या. ते ओळखणारा रेडिओलॉजिस्ट सर्जनला आधीच सावध करतो: ही रक्ताने भरलेली आहे, सुई जपून.

आता उपचारांबद्दल. खरं सांगायचं तर ई-एच-ईच्या उपचारातला सगळ्यात अवघड भाग औषधाचा नाहीच. तो आहे काही न करण्याचा.

एकच गाठ असेल तर ती काढून टाकतात. दोन्ही फुफ्फुसांत वीस असतील, तर सगळ्या कापणं शक्य नसतं. इतर सार्कोमांना लागू पडणारी केमोथेरपी इथे फारशी चालत नाही. आणि रुग्णाला काही त्रास नसेल, गाठी वाढत नसतील, तर जगभरच्या सार्कोमा तज्ज्ञांचा सल्ला असतो: आधी थांबा, तीन-चार महिन्यांनी पुन्हा स्कॅन करा, गाठीचा वेग कळू द्या. काही रुग्ण कुठल्याही उपचाराविना १५ वर्षांहून जास्त जगल्याच्या नोंदी आहेत. १९९८ मध्ये मासानोरी कितायची आणि सहकाऱ्यांनी फुफ्फुसातल्या ई-एच-ईचे २१ रुग्ण मांडले, त्यातल्या तिघांच्या काही गाठी आपोआप लहान झाल्या होत्या.

ऐकायला हे छान वाटतं. पण अंगात कॅन्सर आहे असं सांगून ‘सध्या काही करायचं नाही’ असं सांगितलेलं घर मी पाहिलं आहे. त्या बाईंच्या यजमानांनी तेव्हा आमच्या विभागात येऊन विचारलं होतं, “डॉक्टर, हे सोडून दिल्यासारखं तर नाही ना?” त्यांच्या आवाजातला धसका मी विसरलेले नाही. थांबणं आणि सोडून देणं यांत तारखेचा फरक असतो, असं सरांनी त्यांना समजावलं. पुढच्या स्कॅनची तारीख कागदावर लिहिलेली असेल, तो कोण पाहणार हे ठरलेलं असेल, काय दिसलं की उपचार सुरू करायचे हे आधीच सांगितलेलं असेल, तर ते थांबणं. सरांनी पाठकोऱ्या कागदावर तिन्ही गोष्टी लिहून दिल्या. यजमानांनी तो घडी करून खिशात ठेवला.

थांबायची मुदत संपते तेव्हा काय? गाठी वाढू लागल्या, पाणी साठलं, दुखू लागलं, तर आज बऱ्याच ठिकाणी पहिलं औषध असतं सिरोलिमस. या औषधाची कथा मला फार प्रिय आहे. १९६४ साली कॅनडाची एक वैद्यकीय मोहीम प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर गेली होती. तिथून आणलेल्या मातीत एक जिवाणू सापडला आणि त्या जिवाणूपासून मॉन्ट्रियलमध्ये सुरेन सेहगल आणि सहकाऱ्यांनी एक द्रव्य वेगळं केलं. बेटाच्या स्थानिक नावावरून, रापा नुईवरून, त्याचं नाव पडलं रापामायसिन. तेच सिरोलिमस. आधी ते बुरशीविरुद्धचं औषध म्हणून पाहिलं गेलं, मग कळलं की पेशीतला वाढीचा एक मुख्य खटका ते बंद करतं, आणि पुढे मूत्रपिंड प्रत्यारोपणात ते वापरात आलं. त्या खटक्यालाच रापामायसिनवरून नाव मिळालं: एम-टॉर.

रापामायसिनबद्दलचे पहिले निबंध छापून आले १९७५ साली. डेल आणि लीबो यांनी या गाठीचं वर्णन केलं तेही १९७५ सालीच. एका नियतकालिकात चुकीच्या नावाची गाठ, दुसऱ्यात बुरशी मारणारं द्रव्य. दोन्ही वाचलेला माणूस त्या वर्षी असेलही, पण या दोघांचा एकमेकांशी संबंध आहे हे त्याला कसं कळावं? ही दोन पानं शेजारी यायला तीन दशकांहून जास्त काळ गेला. मधल्या काळातले रुग्ण मनात येतात आणि मग मला ही कथा तितकीशी गोड वाटत नाही.

सिरोलिमसने गाठी क्वचितच वितळतात, बहुतेकदा त्या आहेत तिथे थांबतात. पाणी कमी होतं, दुखणं कमी होतं. तोंड येतं, कोलेस्टेरॉल वाढतं, रक्तातली औषधाची पातळी मोजत राहावी लागते. आवरणात पसरलेल्या प्रकारात त्याचाही जोर कमी पडतो. इतर औषधं आहेत, रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारी, पेशीतले दुसरे खटके अडवणारी. चाचण्या चालू आहेत. दहा लाखांत एखाद्याच्या आजाराची चाचणी करायची तर अनेक देशांतले रुग्ण एकत्र यावे लागतात, आणि ई-एच-ईच्या बाबतीत हे काम रुग्णांच्या संघटनांनी स्वतः पुढे होऊन बरंच केलं आहे.

त्या बाई पुन्हा आल्या त्या तब्बल आठ वर्षांनी. सर तोवर निवृत्त झाले होते, त्यांच्या खुर्चीत आता मी बसत होते. मधल्या सगळ्या स्कॅनमध्ये गाठी तशाच होत्या. त्या वर्षी मात्र दोन गाठी थोड्या मोठ्या दिसल्या होत्या, आणि सिरोलिमस सुरू करण्याआधी जनुकाची तपासणी करावी असं ठरलं होतं. त्यासाठी जुना मेणाचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपून ठेवलेला त्यांचा तो तुकडा, हवा होता. पॅथॉलॉजिस्टला रुग्ण सहसा भेटत नाहीत. त्यांचे तुकडे भेटतात, क्रमांक भेटतात. खिडकीशी येऊन नाव सांगणाऱ्या त्या बाईंकडे मी पाहतच राहिले. दोनशे-तीनशे वेळा तरी मी त्यांची स्लाइड विद्यार्थ्यांना दाखवली असेल, चेहरा पहिल्यांदा पाहत होते.

रजिस्टरमध्ये नोंद होईपर्यंत त्या उभ्या होत्या. मग म्हणाल्या, “मला बघता येईल का ते? जे काय आहे ते?”

असं कुणी विचारलं नव्हतं कधी. मी त्यांना आत घेतलं, दोन जणांच्या मायक्रोस्कोपवर बसवलं, खुर्ची वर केली. भिंगातून दोन्ही डोळ्यांनी एकच चित्र दिसायला त्यांना थोडा वेळ लागला. मी बाण हलवत गेले. हा वायुकोश, हवेचा. ही निरोगी केशवाहिनी. ही गाठीची कड. या तुमच्या त्या पेशी.

“यातली वाईट कुठली?”

मी बाण त्या जुन्या पेशीवर आणला. तिची जागा मला न शोधता सापडते.

“आत लाल काय आहे?”

“रक्ताची पेशी आहे. ही पेशी खरं तर रक्ताला वाट करून देणारी. तेच करायला बघतेय, पण अर्ध्यावरच राहिलंय.”

त्या बराच वेळ भिंगावरून डोळे न काढता बसल्या. मी काही बोलले नाही. बाहेर त्यांच्या यजमानांनी दोनदा दारातून डोकावून पाहिलं.

“तो लाल कण माझाच ना?” त्यांनी विचारलं.

“हो, तुमचाच.”

त्या उठल्या, चष्मा परत लावला. ब्लॉक मी एका छोट्या डबीत घालून, वर क्रमांक आणि तारीख लिहून त्यांच्या हातात दिला. रजिस्टरमध्ये सही करताना त्यांनी ‘परत करण्याची तारीख’ हा रकाना पाहिला, मला विचारून तीही लिहिली, आणि डबी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून चेन लावली.